उसनी गोळी

आमच्या इंझोरीत विरजण उसनं मिळतं, शिडी उसनी मिळते, पाहुणे आले तर गादी-चादर उसनी मिळते. आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत गोळीही उसनी मिळायची. ती मिळण्याचं ठिकाण म्हणजे माझी आत्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातच दिलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. अंगानं किडकिडीत, आवाजानं दांडगी. गावाच्या त्या टोकाला तिनं कोंबडीला हाड् म्हटलं की या टोकाला आमची मांजर दचकायची. तिच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर बर्फातलं लाल घर आणि घराच्या धुराड्यातून निघणारा धूर. ते घर बघून लहानपणी मला वाटायचं, या डब्यातल्या गोळ्या तिथूनच येत असणार, म्हणून तर एवढ्या थंड लागतात जिभेला.

गोळ्या येत होत्या त्या गावातूनच. आमच्याकडे समज असा, की दुखणं बरं झाल्यावर उरलेल्या गोळ्या घरात ठेवल्या तर दुखणं त्यांच्या वासानं परत येतं. फेकणं तर जिवावर येतं, कारण औषध ते औषध. मग माणूस बरा झाला, पहिल्यांदा डोक्यावरून आंघोळ केली, की घरची बाई उरलेल्या गोळ्या पदराआड घेऊन आत्याकडे यायची. आत्याला दुखण्याची भीती नव्हती. ती म्हणायची, "माह्याकडं याले दुखण्यालेच भेव वाटते."

तिला अक्षर येत नव्हतं. गोळी ती रंगानं ओळखायची, आणि त्याहून जास्त ती कुणाची होती त्यावरून. ही दाताची. ही सोनाराच्या सुनेच्या बाळंतपणातली. ही मास्तरच्या खोकल्याची. कुणी मागायला आलं, की ती कात्रीनं पाकिटाचा तुकडा कापून द्यायची, आणि बहुतेक वेळा औषधाचं नाव दुसऱ्या तुकड्यावर राहून जायचं. नावाचं काम नव्हतंच कुणाला.

मी शाळा बुडवायला पोट दुखण्याचं सोंग करायचो ते तिच्याच ओट्यावर. नाटकाची पहिली रंगभूमी म्हणाल तर तीच. मी विव्हळायचो, डोळे पांढरे करायचो, मध्येच आईचं नाव घेऊन थोडा श्वास थांबवायचो. शेजारच्या दोन बाया हळहळून जायच्या. आत्या मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नसे. खाली बघायची.

"पोट दुखते त्याचे पाय पोटाशी जातेत रे बावा. तुहे तं दरवाजाकडं जाऊन राह्यले."

मग डब्याच्या झाकणावर कसलीशी अर्धी गोळी चुरून, गुळात कालवून ती माझ्या तोंडात घालायची. कडू अशी, की शाळा गोड वाटावी. आज त्या चवीसाठी मी काय देईन विचारू नका. गुळाच्या मागून हळूच येणारा तो कडूपणा, पत्र्याचा वास, आणि आत्याचं खडबडीत बोट.

मोठा झालो आणि एसटीत कंडक्टर लागलो. माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली नोकरी असूच शकत नाही. पन्नास प्रेक्षक, दार बंद, उतरायची सोय नाही. कारंज्याहून गाडी सुटली की माझा खेळ सुरू. शेलूबाजार आलं की मी नुसतं शेलूबाजार म्हणत नसे. "शेलूबाजार! उतरा मंडळी, उतरा! जीपवाले दोन घंट्यांपासून तुमच्या नावानं वाट पाहून राह्यले, त्यायचा उपास सोडा!" जीपवाले खालून शिव्या द्यायचे, बायका पदरात हसायच्या. भाजीच्या टोपल्यांना मी वेगळी जागा द्यायचो आणि कोथिंबिरीला विचारायचो, "बाई, तिकीट अर्धं का पूर्ण?" गावाकडे लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की मला उभं करायचे आणि मी नकला करायचो. सगळं गाव माझ्या खिशात होतं. एक आत्या सोडून. ती हसायची, पण बघायची मात्र पायांकडेच.

आणि मग एका वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, ते आटलं.

कारण विचाराल तर सांगता येणार नाही. कुणी गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. बायको बरी, मुलगी शिकत होती, पगार होत होता. फक्त सकाळी उठल्यावर चपलेत पाय घालायला अर्धा तास लागायचा. गाडी शेलूबाजारला थांबायची आणि मी म्हणायचो, "शेलूबाजार." बस. रोज कांदे घेऊन येणारी एक म्हातारी एकदा उतरता उतरता थांबली आणि म्हणाली, "काहून रे, आज तिकीट घेऊन बोलतं का तू?" मी हसलो नाही. ती टोपली डोक्यावर घेऊन खाली उभी राहिली आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

मी अकोल्याला गेलो. घरी सांगितलं की कागदाचं काम आहे. तिथे मनाच्या दुखण्याचे एक डॉक्टर होते. शांत माणूस. त्यांनी पाऊण तास ऐकून घेतलं, नैराश्यावरची गोळी लिहून दिली, रोज सकाळी एक. आणि बजावलं, "दुसरं कुठलंही औषध घ्यायच्या आधी, साधं खोकल्याचं का असेना, मला किंवा त्या डॉक्टरांना विचारायचं. आणि ही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही." मी मान डोलावली. कंडक्टरची मान आहे, सवयीनं डोलते.

गोळीनं काम केलं, हे मला इथे मोठ्यानं सांगायचंय. लगेच नाही. पाच-सहा आठवडे गेले, आणि एका दुपारी शेलूबाजारला माझ्याच तोंडून "जीपवाल्यायचा उपास सोडा" बाहेर पडलं. मला कळलंसुद्धा नाही. कांदेवाल्या म्हातारीनं टोपलीखालून वर बघितलं आणि म्हणाली, "आला का रे वापस?"

आलो होतो. पण कशानं आलो ते कुणाला सांगणार? आमच्याकडे डोक्याची गोळी म्हटलं की लोक सोयरीक मोडतात. आणि हसवणाऱ्याला तर हे दुखणं मुळीच शोभत नाही. मिठाच्या व्यापाऱ्यानं घरी अळणी खावं, तसं. म्हणून मी त्या गोळ्या पाकिटातून फोडून आवळ्याच्या पाचक गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरल्या आणि बाटली कंडक्टरच्या बॅगेत ठेवली. बायको सकाळी स्वयंपाकघरातून विचारायची, "गॅसची गोळी घेतली का?" मी म्हणायचो, "घेतली." दोन वर्षं हा प्रयोग रोज एक, न चुकता झाला. यातला नट म्हणून मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

त्यानंतरच्या पौषातली गोष्ट. चुलतभावाच्या शेतात बोअरला पाणी लागलं होतं. त्यानं शेतातल्या मारुतीला नवस बोलला होता, म्हणून रविवारी रोडग्यांचं जेवण ठेवलं. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वरून तूप, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. आमच्या भागात यापुढे पंचपक्वान्न हात जोडतं. सगळी सोयरी येणार, आणि जेवणानंतर अर्थातच माझ्या नकला. मी आठवडाभराची रजा टाकून बायकोसह गावी आलो, आणि गुरुवारी, भावाला मदत म्हणून, हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप उचलायला गेलो. वय पन्नास, उत्साह विशीचा. तिसऱ्या पाइपाला कंबर बोलली. मी तिथेच वाकलेला राहिलो. भाऊ म्हणाला, "आता सरळ हो ना बे, फोटो काढायचा हाय का?"

शुक्रवारी सकाळी मी तसाच, शंभर वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा, आत्याकडे गेलो. तिनं दारातूनच माझे पाय बघितले.

"खरंच दुखून राह्यलं," ती म्हणाली आणि डबा काढला.

गोळ्या उलथ्यापालथ्या करत तिनं चंदेरी पाकिटाचा एक तुकडा शोधला. आठ गोळ्या.

"हे मोडल्या मांडीची हाय. समोरच्या मामाजीची. जबर हाय बरं. एका गोळीत बुढा उठून बसला होता." मग तिनं तुकडा हातात देता देता मागे घेतला. "बीपीची घेतं का रे तू? शुगरची?"

एवढं शहाणपण तिच्याकडे होतं. ती प्रत्येकाला हे दोन प्रश्न विचारायची.

"मी? छे! मले काय झालं? घोड्यासारखा हाय मी."

बीपी नव्हतं. शुगर नव्हती. एक अक्षर खोटं बोललो नाही. आणि असं खरं बोलून फसवण्यात जी मजा असते ती मी तिच्या ओट्यावर उभा राहून पुरेपूर घेतली.

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली. कंबर खरंच सुटली. पण शनिवारी पोट बिघडलं, आणि दिवसभर एका जागी बसवेना. उगाच अंगणात फिरत होतो. बायको म्हणाली, "काय होऊन राह्यलं तुमाले? मुंगळ्यासारखे फिरून राह्यले." मी म्हटलं, उद्याच्या नकला बसवतोय. रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे आवळ्याच्या बाटलीतली एक घेतली आणि नकला करताना कंबरेनं दगा देऊ नये म्हणून मोडल्या मांडीच्या दोन, एकदम.

जेवणं झाली. निंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, आत्या सगळ्यांच्या पुढे, उपड्या टोपल्यावर बसलेली, कारण तिचे गुडघे खाली बसू देत नव्हते. पौषातली गार हवा, उन्हात बसावंसं वाटणारी. मी माझी खास नक्कल काढली. एसटीत चढणारा म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कोंबडा, आणि कोंबड्याचं तिकीट काढायचं नाही म्हणून त्याला सदऱ्यात लपवलेला. कोंबडा सदऱ्यात फडफडतो, म्हातारा म्हणतो छातीत धडधडते. हशा. टाळ्या.

आणि फडफड थांबेना.

मी कोंबडा सोडून कंडक्टर झालो, तरी हात हलतच होते. लोकांना वाटलं, वा! भाऊ ओरडला, "हे नवीन हाय बे! हे पयले नव्हतं!" अंगातून घाम असा फुटला, की सदरा पाठीला चिकटला. जबडा आपोआप वाजायला लागला, दातांवर दात, पेटीतल्या चिल्लरसारखा. मी "थांबा" म्हणायचा प्रयत्न केला, ते "थ-थ-थ" असं आलं आणि लोक पोट धरून हसले. एक दूरची काकू तर हात जोडून पुढे आली, मारुतीपुढचा शेंदूर माझ्या कपाळाला लावला आणि विचारलं, "कोण हायस तू बापा? काय पाह्यजे तुले?" त्यावर तर हशाचा डोंगर कोसळला.

एक गोष्ट कबूल करतो. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती, डोळ्यांपुढे निंब हलत होता, आपण मरतोय असं मला स्वच्छ वाटत होतं. आणि तरी त्या टाळ्या ऐकू येत होत्या, आणि थोड्या आवडतही होत्या. नट असा हलकट असतो.

तेवढ्यात आत्या टोपल्यावरून उठली.

"बंद करा हासनं!" तिचा तो आवाज. निंबावरचे कावळे उडाले. "बंद करा म्हनलं ना! त्याचे पाय पाहा!"

सगळ्यांनी खाली बघितलं. मीही बघितलं. धुळीत माझे पाय एकटेच नाचत होते. टाच जमिनीला टेकलेली आणि चवडा खालीवर, खालीवर, शिलाई मशीन चालवल्यासारखा. मी चालवत नव्हतो.

हशा कसा विझतो ते त्या दिवशी कळलं.

भावानं पिकअप काढली. मला मागे गादीवर आडवं केलं, बायकोनं माझी बॅग काखेला लावून डोकं मांडीवर घेतलं, जेवणाला आलेले माझे सासरे समोर बसले, आणि आत्या कुणी नको म्हणायच्या आत चढली. गाडी गावातून निघाली तेव्हा तिनं छतावर थाप मारली.

"माह्या घरी थांबव."

"आत्या, येळ नाई!" भाऊ ओरडला.

"थांबव म्हनते ना!"

ती उतरली, गुडघ्यांना शिव्या देत आत गेली, आणि डबा छातीशी धरून बाहेर आली. कारंज्यापर्यंत तिनं तो मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. मी आडवा पडून खालून त्याच्यावरचं बर्फातलं लाल घर बघत होतो. ते थरथरत होतं. का मी थरथरत होतो कुणास ठाऊक.

कारंज्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. आमच्या मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं ताप बघितला, नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग माझा पाय हातात घेऊन चवडा झटकन वर दाबला आणि धरून ठेवला. पाय तिच्या हातात आपोआप ठोके देत राहिला. तिचा चेहरा बदलला.

"काय काय औषधं घेतली यांनी?"

बायको म्हणाली, "काही नाही. गॅसची तेवढी." सासरे म्हणाले, "एकदम तब्येतशीर माणूस हाय मॅडम." भाऊ म्हणाला, "रोडगे जास्त झाले असतील."

आत्यानं डबा पुढे केला. "म्या देल्ली कमरेची गोळी. माही चूक हाय."

डॉक्टरणीनं झाकण उघडलं. तीन-चारशे गोळ्या असतील. लाल, पिवळ्या, गुलाबी, काही सुट्या, काही तुकड्यांत. "आजी, हे काय आहे?"

"गावाचं दुखनं हाय बाई."

"यातली कोणती दिली?"

आत्यानं बोटानं चंदेरी तुकड्यांतला त्याच पाकिटाचा उरलेला एक बरोब्बर उचलला. त्यावर नाव नव्हतं. नावाचा भाग मामाजींच्या घरी राहिला होता. आत्या भावाला म्हणाली, "लाव फोन मामाजीच्या सुनेले. रिकामं अर्धं पाकीट तिच्या फडताळात हाय, वरच्या खणात, देवाच्या तेलामांगं." दोन मिनिटांत सून फोनवर एकेक अक्षर वाचत होती. ट्रॅमाडॉल.

"ही भारी वेदनाशामक आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पण एकट्या हिनं, एवढ्याशा मात्रेत, हे सगळं सहसा होत नाही. आणखी काहीतरी आहे." ती माझ्यावर वाकली. "काका, दुसरं काय घेता? मला कळल्याशिवाय नीट उपचार करता येणार नाहीत. आत्ता चुकीचं एक औषध गेलं तर जिवावर बेतेल."

खोलीत बायको, सासरे, भाऊ आणि दारात त्याचे दोन मित्र. जीव जात होता, हे मला कळत होतं. आणि तरी माझ्या डोक्यात चाललं होतं ते हे, की सासऱ्यांना काय वाटेल. दोन वर्षांचा प्रयोग, आणि पडदा असा पडणार? मी डोळे मिटले.

तेव्हा आत्या माझ्या पायाशी बसली. दोन्ही चवडे तिनं आपल्या हातांत धरले. ते तिच्या हातांतही उड्या मारत होते.

"म्या माहं सांगतलं ना सगळ्याइपुढं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान होता. "आता तू सांग. इथं कोनी तिकीट काढून नाई आलं रे."

मी सांगितलं. दात वाजत होते, त्यामुळे चार तुकड्यांत. मनाची गोळी. अकोला. दोन वर्षं. आवळ्याची बाटली.

भाऊ फस्सकन हसला. "हा? अन् याले मनाचं? मॅडम, ह्याचं काही आयकू नका, मरताना बी नक्कल करून राह्यला हा."

दुपारी मी खरा थरथरलो तेव्हा कुणाला खरं वाटलं नव्हतं, आणि आता खरं बोललो तर तेही नाही. सोंगाड्याला आयुष्यात एकदा ही किंमत द्यावीच लागते. बायकोनं मात्र माझ्या बॅगेतून बाटली काढली, झाकण उघडून एक गोळी तळहातावर घेतली आणि वास घेतला. आवळ्याचा नव्हता. तिनं बाटली डॉक्टरणीला दिली.

डॉक्टरणीनं अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मग सलाईन, इंजेक्शन, अंगावर ओले कपडे. माझे पाय ठोके देत होते आणि ती आत्याला समजावत होती, कारण आत्याच विचारत होती. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं, मनाची गोळी ते वाढवते. ही वेदनेची गोळीही तेच वाढवते. खोकल्याची काही औषधं, डोकेदुखीच्या काही गोळ्याही. एकेकटी बरी, पण दोघी एकत्र आल्या की ते इतकं साचतं की ताप, थरथर, झटके, काय वाटेल ते.

आत्यानं दोन्ही हातांनी हवेत वाफा आखला. "म्हंजे एका वाफ्यात दोघाइनं दोन बाजूनं पानी सोडलं," ती म्हणाली, "अन् एकमेकाले सांगतलं नाई."

"अगदी तसंच, आजी."

"मंग बांध फुटनारच ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय शांत झाले. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मनाची गोळी काही दिवस थांबवली, मग अकोल्याच्या डॉक्टरांनी विचार करून पुन्हा सुरू केली. आजही घेतो, आता तिच्या स्वतःच्या पाकिटातून. बायको मला घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "दोन वर्षं मी रोज गॅसचं विचारत होती. एखाद्या दिवशी तरी नाही म्हणायचं होतं." मी काहीतरी विनोद करणार होतो. तिच्या तोंडाकडे बघून गिळला. सासऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना काय वाटलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, फक्त पुढच्या वेळी भेटले तेव्हा न विचारता माझ्या पानात दोन रोडगे जास्त वाढले.

निघताना डॉक्टरणीनं आत्याला विनंती केली, की हा डबा इथेच ठेवा. आत्यानं घासाघीस केली. "गोळ्या तुमच्या, डबा माहा." रिकामा डबा घेऊन ती गावी परतली, आणि आठवडाभर गाव ओट्यावरून परत जात राहिलं. दाताला काही? नाही. तापाला? नाही. गावाला वाटलं, आत्या आता थकली.

मग तिनं मला बोलावलं. "तू घेतं त्या सगळ्या गोळ्या कागदावर लिह्य. मोठ्या अक्षरात."

मी लिहिलं. तिनं चिठ्ठीची बारीक घडी केली, निळ्या दोऱ्यानं बांधली आणि डब्यात टाकली. ती पहिली. पुढे जो गोळी मागायला येई, त्याला ती म्हणे, "गोळी नाई माह्याकडं. तू काय काय घेतं ते लिहून आन, दवाखान्यात जाशीन तवा घेऊन जाय, अन् येताना वापस आन." बीपीला लाल दोरा, शुगरला पांढरा, मनाच्या गोळीला निळा. आणि गाव चिठ्ठ्या आणू लागलं. जे नवऱ्याला सांगता येत नाही, सासूला सांगता येत नाही, ते आत्याच्या डब्यात ठेवता येत होतं, कारण आत्याला वाचता येत नव्हतं. दोऱ्याचा रंग ठरवण्यापुरतं तेवढं तिच्या कानात सांगावं लागायचं. उरलेल्या गोळ्यांचं तिनं सांगून टाकलं, की दुखणं वासानं परत येऊ नये असं वाटत असेल तर त्या कारंज्याला डॉक्टरणीकडे नेऊन द्या. समज तोच, रस्ता बदलला.

एकदा मी सहज ओट्यावर बसलो होतो. ती डब्यात बोटं फिरवत म्हणाली, "निळे चार झाले."

"कोणाचे गं?"

"तुह्या बापाचे," ती म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

मी घरापर्यंत हसत गेलो. गल्लीतून जाताना मात्र प्रत्येक दाराकडे बघत होतो. या गावात माझ्यासारखे आणखी तिघं होते. कुणी का असेनात. मला एकदम गर्दीत उभं असल्यासारखं उबदार वाटलं.

त्या रविवारची नक्कल, अर्थात, मी बसवली. कोंबडा, शेंदूर, काकू, पिकअपच्या छतावरची थाप, सगळं. आता लग्नात लोक तीच मागतात, आणि मी शेवटी हात जोडून सांगतो की मंडळी, डॉक्टरला सगळं सांगत जा, नाहीतर मरताना टाळ्या मिळतील. लोक हसतात, आणि सतरंज्या गुंडाळताना एखादा हळूच जवळ येऊन विचारतो, "ते अकोल्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात?"

आत्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटच्या हिवाळ्यात ती खाटेवरच होती, उन्हाला ओट्यावर आणून ठेवायचे तिला. डबा उशाशी. मी रजेवर गेलो होतो. म्हणाली, "कर ते, रोडग्याचं."

तिच्या एकटीसाठी मी अंगणात उभा राहून केली. जीव ओतला. कोंबडा फडफडला, हात थरथरले, दात वाजले, काकू आली, शेंदूर लागला. मी घामाघूम झालो. शेवटी वाकून नमस्कार केला आणि टाळीची वाट बघत राहिलो.

तिनं मान हलवली.

"चुकलं," ती म्हणाली. "हात मांगून थरथरले. पयले पाय."

"आत्या, पाय कोणाले दिसतेत? लोक हाताकडं पाह्यतेत."

"लोक पाह्यतेत," ती म्हणाली. "कर पुन्हा. पायापासून."

मी चपला काढल्या आणि पायापासून सुरुवात केली.